निवेदकाचा उच्चार आणि श्रोत्यांची तक्रार : भाषिक अधिकाराचा एक प्रश्न

नभोवाणीच्या प्रारंभकाळात निवेदकांविषयी झालेल्या तक्रारी बहुधा गमतीदार आठवणी म्हणून सांगितल्या जातात. प्रमाणभाषेच्या अभ्यासकाला मात्र त्या महत्त्वाचे साधन ठरतात. उच्चार सदोष असतो म्हणून तक्रार होते, की बोलणाऱ्याचा अधिकारच अमान्य असतो म्हणून, हा मूळ प्रश्न आहे. प्रस्तुत टिपणात बीबीसीच्या इतिहासातील तीन प्रसंगांच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

बीबीसीचे प्रसारण १९२२ मध्ये सुरू झाले. वादग्रस्त उच्चारांचा निर्णय करण्यासाठी १९२६ मध्ये राजकवी रॉबर्ट ब्रिजेस यांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार समिती नेमण्यात आली. ध्वनिशास्त्रज्ञ लॉइड जेम्स तिचे सचिव होते. १९३० मध्ये बर्नार्ड शॉ अध्यक्ष झाले. समितीच्या शिफारशी निवेदकांपुरत्या होत्या. त्या जनतेवर लादण्याचा हेतू नव्हता. परंतु निवेदक निनावी असे. त्यामुळे त्याचा आवाज व्यक्तीचा न राहता संस्थेचा ठरे आणि त्याच्या साध्या उच्चारालाही आज्ञेचे रूप येई. श्रोत्यांच्या रोषाचे एक कारण येथे सापडते.

दुसरा प्रसंग १९३३ मधील. शीला बॉरेट यांची निवेदिका म्हणून नेमणूक होताच तक्रारींचा ओघ सुरू झाला आणि सुमारे तीन महिन्यांत त्यांना दूर करण्यात आले. येथे आक्षेपाचा रोख शब्दोच्चारावर नव्हता, स्त्रीच्या आवाजावर होता.

तिसरा प्रसंग अधिक बोलका आहे. १९४१ मध्ये यॉर्कशरचे विल्फ्रेड पिकल्स राष्ट्रीय बातम्या वाचू लागले. उत्तरेकडील बोलीची छटा असलेल्या त्यांच्या वाचनाविरुद्ध पत्रे आली. बातमी न समजल्याची ही तक्रार नव्हती. अशा उच्चारातील बातमीवर विश्वास कसा ठेवावा, असा तिचा आशय होता.

तेव्हा सुबोधता, शुद्धता आणि अधिकार हे तक्रारीचे तीन स्तर वेगळे करणे आवश्यक ठरते. तक्रारकर्ता सहसा दुसऱ्याची भाषा बोलतो व तिसऱ्याचा आग्रह धरतो. अर्थात, पत्रे लिहिणारे म्हणजे सर्व श्रोते नव्हेत. ज्यांना स्वतःची बोली प्रथमच बातम्यांत ऐकू आली, त्यांचे समाधान तक्रारींच्या फायलीत आढळणार नाही.

मराठीत एखाद्या वक्त्याच्या उच्चाराला ‘अशुद्ध’ म्हणण्यापूर्वी आपणही हाच विवेक करावयास हवा. अडते ते आकलन, की आपला अधिकार? वर्गात वऱ्हाडी किंवा मालवणी वळणाने उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हा प्रश्न केवळ इतिहासाचा राहत नाही.