कॉम्प्युटर हवा, पण सुटा सुटा

दहावीचा निकाल लागला, की पेढ्यांच्या पाठोपाठ कॉम्प्युटरचा विषय निघतोच. मोबाईलवर भागत नाही, हे आपल्यालाही पटलेलं असतं. आपण मनाशी आकडा धरतो, कुठून जमवायचा ते बघतो, आणि तेवढ्यात पोरगं म्हणतं, "तयार नको. पार्ट आणू या, मी जोडतो."

मग आपण सगळेच तेच बोलतो. "बिघडलं म्हणजे?" "खेळणं वाटलं का तुला?" राग नसतो तो, धास्ती असते. पैसे सुपारीचे असोत की मुंबईच्या पगारातले, सहज आलेले नसतात. पोराला मात्र त्यातलं एकच ऐकू जातं: तुझ्या हातावर आमचा भरवसा नाही.

आमच्याकडे लेकीने वहीच्या मागच्या पानावर यादी केली होती. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट. पुढे भाव, खोडून खोडून लिहिलेले. हे एसएमपीएस काय, म्हणून विचारलं तर भाजी निवडता निवडता तिने समजावलं, "भिंतीतून वीज येते 230 व्होल्टची. आतल्या भागांना 12, 5, 3.3 असं थोडंथोडंच लागतं. ते करून देणारा हा डबा. यात पैसे वाचवायचे नाहीत, आई." एरवी दूध उतू गेलं तरी न उठणारी पोर ही!

तेव्हा एक सुचवते. हो-नाही म्हणायच्या आधी यादी मागा. यादी झाली असेल, तर हौस वरवरची नाही. नसेल, तर कदाचित मित्राकडे रंगीत दिवे लुकलुकणारं कॅबिनेट बघून आलाय. त्यातही वाईट काही नाही म्हणा, त्या वयात आपणही कसली कसली सोंगं केलीच की.

पैशाचं म्हणाल, तर 'असेंबल केला की स्वस्त' हे आता डोळे मिटून धरू नका. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव चांगलेच चढलेत. साध्या अभ्यासाच्या कामाला कंपनीचा तयार डेस्कटॉप कधीकधी कमीत पडतो, आणि बरेचदा त्यात विंडोज आधीच भरलेलं असतं. जोडलेल्यात ते वेगळं घ्यावं लागतं, नाहीतर फुकटातलं लिनक्स. दुकानदार 'टाकून देतो' म्हणतो ते बहुधा चोरीचं असतं.

आपल्या बोर्लीत खरा प्रश्न पुढेच येतो. बंद पडला तर बघणार कोण? तयार मशिनला एकच वॉरंटी. पण घरी येऊन दुरुस्ती म्हणतात ती आपल्या पिनकोडवर मिळते का, ते पैसे देण्याआधी विचारा. जोडलेल्याला प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी, आणि भाग लॅमिंग्टन रोडवरून आणलेले असतील तर परत तिथेच जायचं. मुंबई सेंट्रलच्या डेपोत एसटीतून उतरलं की बाजार चालत गाठता येतो, हे खरं. पण एका रॅमच्या पट्टीसाठी पूर्ण दिवस मोडतो. बारावीचं वर्ष असेल, वेळ नसेल, तर मी तयारच घ्या म्हणेन. त्यात मन मारल्यासारखं काही नाही.

पण कुठलाही घेतलात तरी वीज आणि खारी हवा आहेच. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर कित्येक आठवडे लाईट नव्हते, ते कोण विसरेल? एरवीही पावसात दिवसातून चारदा जातात. त्यामुळे यूपीएस हवाच, आणि त्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. दिवेआगरकडचा वारा खिडकीचे गज सोडत नाही, तो कॅबिनेटचे स्क्रू कसे सोडेल? समुद्राकडच्या खिडकीखाली टेबल नको.

आणि मन ओढतच असेल पोराचं, तर मधला रस्ता आहे. साधा तयार घ्या, पण पुढे रॅम, एसएसडी वाढवता येईल असा. ते वाढवायचं काम त्याला करू द्या. प्लग काढायचा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते, खाच जुळवून पट्टी बसवायची आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबायची. 'कट्' आवाज येईपर्यंत आपला जीव टांगणीला लागतो. त्याचाही लागलेला असतो, फक्त तो दाखवत नाही. त्या वेळी "अरे, हळू, मोडेल!" एवढं तोंडातून जाऊ देऊ नका. फार कठीण आहे, ठाऊक आहे मला.

लेकीच्या बाबांनी तिला मागे पुण्याच्या सी-डॅकची गोष्ट सांगितली. बाहेरून महासंगणक मिळेना, तेव्हा विजय भटकरांच्या चमूने 1991 मध्ये परम 8000 इथेच उभा केला. आता ती गोष्ट ती आम्हालाच ऐकवते, वाद जिंकायला.

राहिली बिलं. तयार असो की जोडलेला, वॉरंटी बिलावर चालते, आणि जोडलेल्याची बिलं सहा-सात. ती सगळी एका पिशवीत घालून पोराच्याच ताब्यात द्या. हरवेल म्हणता? मलाही तेच वाटतं. म्हणून मी गुपचूप मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलेत.