जाळं उगारण्याआधी

२०२० च्या मार्चमध्ये, २१ तारखेला, मी पुण्याहून मराठवाड्यातल्या गंगापूरला माहेरी आले ती चार दिवसांसाठी. दुसऱ्या दिवशी जनता कर्फ्यू, २४ च्या रात्री टाळेबंदीची घोषणा. चार दिवसांचे तीन महिने झाले. बॅगेत निंटेंडो स्विच होता आणि त्यात आदल्याच दिवशी बाजारात आलेला ‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ हा खेळ. एक ओसाड बेट, त्यावर आपला तंबू. झाडं लावायची, मासे धरायचे, घर बांधायचं, शेजाऱ्यांची विचारपूस करायची. हरणं नाही, जिंकणं नाही. आणि बेटावरच्या संग्रहालयासाठी ८० प्रकारचे किडे पकडायचे. माझी भाची तेव्हा नऊ वर्षांची होती. घरात तिला चिऊ म्हणतात. आम्ही दोघींनी हे ८० किडे पुरे करायचं ठरवलं. वर्षाहून जास्त काळ लागला, आणि स्विच शेवटी गंगापूरलाच राहिला. त्या काळात जे कळलं ते इथे लिहिते.

१. आधी घड्याळ बघा, मग जाळं घ्या.

या खेळात आपल्या भिंतीवरच्या घड्याळाची वेळ चालते आणि कॅलेंडरचा महिना चालतो. फुलपाखरं दिवसा. टॅरँटुला, म्हणजे तो मोठा केसाळ कोळी, नोव्हेंबर ते एप्रिल आणि तेही संध्याकाळी ७ ते पहाटे ४ एवढ्यातच. मे महिना लागला की त्याच वेळेला त्याच्या जागी विंचू येतो. पहिला आठवडा आम्ही भर दुपारी बेटभर जाळं मारत फिरलो आणि तीच ती पिवळी फुलपाखरं गोळा करत राहिलो. ओसरीवर बसलेले आप्पा, म्हणजे माझे वडील, बघत होते. म्हणाले, “दुपारच्याला कोणता किडा घावतोय? दिवेलागणीला बघा की.”

आप्पांनी त्या यंत्राला हातही लावला नव्हता. पण त्यांनी उसातली हुमणी आयुष्यभर पाहिली आहे. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात, तेही अंधार पडताना, आणि कडुनिंबावर, बाभळीवर पाला खायला गोळा होतात. त्या तासाभरात फांद्या हलवल्या, तर खाली पडलेले भुंगेरे वेचून रॉकेलच्या पाण्यात टाकता येतात. ती वेळ चुकली की त्यांची अंडी जमिनीत जातात आणि पुढं उसाची मुळं खाल्ली जातात. मे महिन्याच्या शेवटी वळीव पडला त्या संध्याकाळी आप्पांनी चिऊला टॉर्च देऊन कडुनिंबाखाली नेलं. ती परत आली ती हे सांगत की झाड हलवलं की किडे पडतात, हे खेळात खरंच दाखवलंय.

२. किडा शोधू नका, त्याचं घर शोधा.

सगळ्यात जास्त वेळ आम्हाला हेच उमगायला लागला. बेटावर नुसतं भटकून निम्मे किडेसुद्धा मिळत नाहीत. काही किडे फक्त झाड हलवल्यावर खाली लोंबतात. गोम दगडावर फावडं मारल्यावर निघते, गोगलगाय दगडावर बसते पण पाऊस चालू असतानाच. लांब मिशांचा भुंगा तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर येतो. फुलासारखा दिसणारा प्रार्थना कीटक पांढऱ्या फुलांवरच बसतो. मुंग्या हव्या असतील तर सलगम विकत घेऊन तो सडू द्यावा लागतो. आम्ही बेट अगदी लख्ख ठेवलं होतं. एकही बुंधा नाही, एकही सडका सलगम नाही, आणि म्हणूनच आमची यादी अडली होती. मग आम्ही चार झाडं तोडून बुंधे तसेच ठेवले, पांढऱ्या फुलांचा वाफा केला, एका कोपऱ्यात सलगम सडवला. दोन आठवड्यांत पाच नवे किडे.

त्यानंतर मला आमचा बांध वेगळा दिसू लागला. लहानपणी आम्ही बाभळीवरून हिरवे चकाकणारे सोनकिडे आणायचो आणि काडेपेटीत बाभळीचा पाला घालून ठेवायचो. पाला बाभळीचाच लागतो, हे तेव्हा कुणी शिकवलं नव्हतं, सगळ्या पोरांना ठाऊक होतं. केशरी पंखांचं, काळ्या-पांढऱ्या कडांचं फुलपाखरू रुईजवळ घुटमळायचं, कारण त्याची अळी रुईचा चीक असलेली पानं खाते. कढीपत्त्यावर आणि लिंबावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी असते. हात लावला की डोक्यामागून शिंगं काढते. आता बांधावर तणनाशक मारतात. रुई गेली, बाभूळ सरपणाला गेली. किडे कुठं गेले, असं विचारणाऱ्यानं आधी बांध बघावा. एका बाजूचा बांध तरी हिरवा राहू द्यावा असं माझं ठाम मत आहे. मी भावाशी त्यावर भांडले आणि आमच्या विहिरीकडचा बांध तेवढा राखून घेतला.

३. पाऊल हळू.

जाळं हातात असताना बटण दाबून धरलं की आपलं माणूस दबकत चालतं. धावत गेलात तर प्रार्थना कीटकही उडतो आणि चतुरही. टॅरँटुलाचं तंत्र आणखी नाजूक आहे: तो पुढचे पाय वर करून उभा राहिला की जागच्या जागी थांबायचं, पाय खाली टेकले की एक पाऊल, पुन्हा थांबायचं. खेळात चिऊ तीनदा बेशुद्ध पडून घरासमोर जागी झाली. चौथ्या रात्री तिनं श्वास रोखून त्याला धरलं, आणि त्या वेळी अख्ख्या गल्लीत लाइट गेलेली होती. स्क्रीनच्या उजेडात तिचा चेहरा मला अजून आठवतो.

४. डोळ्यांच्या आधी कान.

खेळात जमिनीखालचा एक किडा फक्त आवाजावरून सापडतो. टीव्हीचा आवाज बंद केला, फावडं घेतलं, आवाज वाढेल तिकडे खणलं. जुलै-ऑगस्टमध्ये बेटावरच्या झाडांवर सिकाडा नावाचे किडे ओरडतात. प्रत्येक जातीचा सूर वेगळा. चिऊ आता घराच्या मागच्या भिंतीतला रातकिडा नेमक्या विटेपर्यंत सांगते.

५. गांधीलमाशी आणि विंचू यांचा खेळातला धडा खेळातच ठेवा.

बेटावर झाड हलवण्याआधी जाळं हातात घेऊन ठेवायचं. पोळं पडलं की पळायचं नाही, वळून एकदाच जाळं मारायचं. बरोबर जमलं तर माशी मिळते, चुकलं तर चेहरा सुजतो. हे मी चिऊला शिकवलं आणि त्याच दिवशी तिला समोर बसवून दुसरी गोष्टही सांगितली. खरी गांधीलमाशी उठली तर हात न झटकता, डोकं झाकून, लांब जायचं. चावल्यावर श्वास कोंडला, अंगावर गांधी उठल्या, तर दवाखाना. घरगुती लेप लावत बसायचं नाही.

विंचवाचं तर विचारूच नका. खेळात तो ८,००० बेलना, म्हणजे तिथल्या पैशांना, विकला जातो, म्हणून पोरांना तो हवाच असतो. आपल्याकडचा लाल विंचू लहान मुलाचा जीव घेऊ शकतो. त्याच्या विषानं हृदयावर आणि फुप्फुसांवर परिणाम होतो. महाडला राहून डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं आणि कितीतरी जीव वाचले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते मूळचे आपल्या मराठवाड्यातले, शेजारच्या जालना जिल्ह्यातले. मी चिऊला त्यांची गोष्ट सांगितली आणि नियम घातला: खेळात दगडांवर खुशाल फावडं मारायचं, शेतात दगडाखाली हात घालायचा नाही, आणि विंचू चावलाच तर मांत्रिकाकडे न जाता थेट दवाखान्यात.

६. घड्याळ पुढं करू नका.

यंत्राची तारीख बदलली की खेळातला महिना बदलतो. काजवा फक्त जूनमध्ये येतो, आणि चिऊला तो एप्रिलमध्येच हवा होता. तिचा हट्ट पुरवायला मी तारीख पुढं केली. काजवा पाच मिनिटांत मिळाला. मग खरा जून आला, बेटावरच्या ओढ्यावर काजवे तरंगू लागले, आणि ती जागची उठलीसुद्धा नाही. ती चूक माझी होती. भंडारदऱ्याला पावसाच्या तोंडावर झाडं काजव्यांनी उजळतात ते बघायला लोक रात्रभर थांबतात. वर्षभर वाट बघितलेली असते म्हणून थांबतात. त्यानंतर तारखेला आम्ही हात लावला नाही.

७. खेळाचं पंचांग जपानचं आहे, आपलं मृग नक्षत्राचं.

हे कळलं शेणकिड्यामुळे. खेळात शेणकिडा डिसेंबर ते फेब्रुवारीत येतो आणि बर्फाचा गोळा ढकलत नेतो. चिऊनं आप्पांना ते दाखवलं तर आप्पा गंभीर झाले. “थंडीत कुठला शेणकिडा? त्यो पावसाबरोबर येतो,” म्हणाले. जूनमध्ये पाऊस झाल्यावर त्यांनी तिला गोठ्यामागच्या वाटेवर नेलं, आणि ओल्या मातीत शेणाची गोळी मागच्या पायांनी ढकलणारा खराखुरा किडा दाखवला. उलटा, डोकं खाली. ती अर्धा तास तिथे उकिडवी बसून होती.

मग मी तिला वाचून सांगितलं की स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या मारी डाके यांनी २०१३ मध्ये एक शोध प्रसिद्ध केला. आफ्रिकेतले असे शेणकिडे रात्री सरळ रेषेत गोळी नेण्यासाठी आकाशगंगेच्या पट्ट्याचा आधार घेतात. चिऊनं विचारलं, मग वाळूजच्या कारखान्यांचा उजेड आकाशात दिसतो त्याचं त्यांना काय होत असेल? वाळूज आमच्याच तालुक्यात. तिच्या प्रश्नाइतका चांगला प्रश्न मला या सगळ्या काळात कुणी विचारला नाही.

जपानचं हे वेड समजण्यासारखं आहे. तिथे उन्हाळ्याच्या सुट्टीत जाळं आणि पिंजरा घेऊन किडे धरणं हा पोरांचा जुना उद्योग. पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करायचे. ती धरपकड त्यांनी १९९६ च्या खेळात आणली. ॲनिमल क्रॉसिंगचा पहिला खेळही जपानमध्येच, २००१ च्या एप्रिलमध्ये आला. त्यांनी आपल्या अंगणातले किडे जगाला दाखवले. आपल्या अंगणातले किडे दाखवणारा खेळ मराठीत कुणीतरी करायला हवा, असं मला मनापासून वाटतं. त्यात मृग लागताच मखमली लाल मृगकिडा निघावा, आषाढात दिव्याभोवती पंखांची वाळवी यावी, पिकलेल्या ज्वारीत नाकतोडे असावेत.

८. पहिला किडा विकू नका.

पैशाचा मोह होतो, पण पहिला संग्रहालयात द्यावा. तिथला घुबड गुरुजी किड्यांना भयंकर घाबरतो आणि तरीही प्रत्येकाची माहिती सांगतो. ती माहिती ऐकावी, बटण दाबून पुढं ढकलू नये.

९. धरणं वेगळं, मोजणं वेगळं.

ऑगस्टमध्ये मी पुण्यात होते. चिऊचा फोन आला, “आत्या, आप्पांनी कापसात जाळी लावली.” ते कामगंध सापळे होते. हेक्टरी पाच लावायची शिफारस असते. आप्पांनी दोन एकरांत चार लावले. त्यातल्या गोळीला गुलाबी बोंडअळीच्या मादीचा वास असतो, नर पतंग त्यात येऊन पडतात. २०१७ मध्ये या अळीनं महाराष्ट्रातला कापूस बोंडातच खाल्ला. बीटी बियाणं असूनही खाल्ला. तेव्हापासून आप्पा सापळ्याशिवाय राहत नाहीत. हे सापळे किडे संपवण्यासाठी लावत नाहीत, मोजण्यासाठी लावतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग पडले तर फवारणीचा विचार करायचा. त्याच्या आत असतील तर औषध वाया, आणि मित्रकिडे फुकट मरतात.

चिऊ रोज सकाळी सापळे मोजायला लागली. दोन, एक, तीन, चार. मग तिला आप्पांनी डोमकळी ओळखायला शिकवलं, म्हणजे आत अळी असल्यामुळे नीट न उमललेलं, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं कापसाचं फूल. ते तोडायचं आणि नष्ट करायचं. बेटावर पांढऱ्या फुलात किडा शोधणारी मुलगी पिवळ्या फुलात अळी शोधू लागली. त्या वर्षी आप्पांच्या दोन फवारण्या वाचल्या.

१०. वही ठेवा.

खेळात प्रत्येक किडा कोणत्या महिन्यात, किती वाजता मिळतो याची नोंद आपोआप होते. शेतात ती आपणच करावी लागते. चिऊनं शाळेच्या उरलेल्या वहीत सुरुवात केली. तारीख, वेळ, झाड, पाऊस होता की नाही. पहिलं पान मृगकिड्याचं आहे: जून २०२०, सकाळ, पाऊस रात्री झाला, विहिरीकडचा बांध, सात. त्याला आठ पाय असतात, म्हणून तो खरं तर किडा नव्हे, कोळ्याच्या नात्यातला. हेही तिनं खाली लिहिलं आहे. नंतरच्या वर्षांची पानंही आहेत. तीन, पाच, एकही नाही, दोन.

वाचणाऱ्यांना एवढीच विनंती. यंदा मृगाचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना घेऊन बांधावर जा. मृगकिडा दिसला तर उचलू नका, डबीत भरू नका. मोजा, आणि तारीख लिहून ठेवा.