खुर्चीमागची मोकळी जागा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर इयत्ता नववीतील काही विद्यार्थिनी आमच्याकडे एक विलक्षण तक्रार घेऊन आल्या. संगणकावरील ‘द सिम्स ४’ या खेळात त्यांनी मिळून एक घर उभारले होते व त्यात एका आजीबाईंस राहावयास ठेविले होते. आजीबाईंच्या खोलीत पलंग होता, आरसा होता, पुस्तकांची दोन कपाटे होती, आरामखुर्चीही होती. तरीसुद्धा आजीबाई पलंगावर निजत नसत. त्या पलंगाजवळ येत, हात उंचावून त्रासिकपणे काही पुटपुटत आणि अखेर थकव्याने जमिनीवरच कोसळून झोपी जात. हे सांगताना मुली हसत होत्या. आम्हांस मात्र तितकेसे हसू आले नाही. त्याचे कारण पुढे सांगू.

आम्ही कला शाखेचे. संगणक हा आमचा विषय नव्हे. परंतु मुलींसह त्या घराची पाहणी करू लागलो, तेव्हा ही विद्या व्याकरणाहून फारशी निराळी नाही असे ध्यानी आले. वाक्यातील प्रत्येक शब्द शुद्ध असूनही वाक्य चुकीचे असू शकते. तद्वत् प्रत्येक वस्तू चांगली असूनही घर राहण्यास अयोग्य ठरू शकते.

या खेळाचा जनक विल राइट हा अमेरिकन रचनाकार. १९९१ साली कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे लागलेल्या प्रचंड आगीत त्याचे राहते घर भस्मसात झाले. संसार पुनः शून्यातून मांडताना, माणसाला कोणत्या वस्तू लागतात आणि कशासाठी लागतात, हा विचार त्याच्या मनात घोळू लागला. ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुशास्त्रज्ञाच्या १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ पॅटर्न लँग्वेज’ या ग्रंथाचाही त्याच्यावर प्रभाव होता. आरंभी त्याला केवळ घरे रचण्याचा खेळ करावयाचा होता. त्यातील माणसे आली ती घराची परीक्षा घेण्यासाठी. २००० साली ‘द सिम्स’ प्रसिद्ध झाला आणि परीक्षकच खेळाचे नायक होऊन बसले! चौथी आवृत्ती २०१४ साली निघाली.

आता मूळ अडचणीकडे वळू. खेळातील जमीन चौकोनी घरांत विभागलेली असते, बुद्धिबळाच्या पटासारखी. प्रत्येक वस्तू ठराविक घरे व्यापते. तेथे दुसरी वस्तू, भिंत वा जिना आड येत असेल तर हातातील वस्तू तांबडी दिसते आणि खाली बसत नाही. हा दोष सरळ आहे. वस्तू फिरवून पाहावी अथवा शेजारची सरकवावी. सतरंजी मात्र कोणाच्या आड येत नाही.

खरी फसगत होते ती दुसऱ्या प्रकारात. वस्तू विनातक्रार जागी बसते, पण तिचा उपयोग करता येत नाही. खुर्ची मेजाशी ठेविली, परंतु तिच्या पाठीला कपाट टेकले; मग बसणाऱ्याने यावे कोठून? दोघांचा पलंग एका बाजूने भिंतीस लाविला, तर भिंतीकडील माणसास पलंगावर चढण्याची वाट उरत नाही. जिन्याच्या पायथ्याशी व माथ्याशी, तसेच दारासमोर, किमान एक घर मोकळे हवे. वस्तूने व्यापलेली जागा डोळ्यांना दिसते. ती वापरण्यास लागणारी जागा दिसत नाही, पण तीही त्या वस्तूचीच असते.

अडथळा शोधण्याची एक सोपी युक्ती आहे. खेळ चालू ठेवून जमिनीवर बोट ठेवावे आणि माणसास ‘येथे जा’ अशी आज्ञा द्यावी. एकेका चौकोनाची अशी परीक्षा घेतली म्हणजे वाट नेमकी कोठे तुटते ते कळते. मग एक एक वस्तू उचलून घरच्या सामानसंग्रहात ठेवावी. विकू नये, कारण निर्दोष वस्तूही तपासासाठी काढावी लागते. माणूस कोठेच हलत नसेल तर दोष मांडणीचा नसून माणसाचा समजावा व त्यास पूर्ववत् करण्याची आज्ञा द्यावी.

काही विद्यार्थी याहून जवळचा मार्ग धरतात. कंट्रोल, शिफ्ट व सी या कळा एकदम दाबल्या की आज्ञा लिहिण्याची चौकट उघडते, तीत ‘बीबी.मूव्हऑब्जेक्ट्स ऑन’ असे रोमन लिपीत लिहिले की तांबडा रंग नाहीसा होतो आणि कोणतीही वस्तू कोठेही बसते. चित्रे, कुंड्या, फुलदाण्या यांच्यासाठी ही सवलत उत्तम. ९ आणि ० या कळांनी त्या वर-खालीही करता येतात. परंतु आमच्या मुलींनी हीच आज्ञा वापरून दुसरे कपाट पलंगाला भिडविले होते! पहारेकरी गेला, भिंत मात्र तेथेच राहिली. ऑल्ट कळ दाबून खुर्ची चौकोनांबाहेर सरकविल्यासही असेच होते: ती मेजाशेजारी शोभते, पण मेजाशी जोडली जात नाही.

आता न हसण्याचे कारण. काही वर्षांपूर्वी आमच्या मातोश्रींचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर त्या चौपायी आधार घेऊन घरी आल्या. खोली प्रशस्त दिसावी म्हणून आम्ही त्यांचा पलंग भिंतीस लाविला आणि कपडे हाताशी असावेत म्हणून कपाट समोर आणिले. दोहोंच्या मधून आम्ही सहज जात असू. त्यांचा आधार मात्र तेथे वळत नसे. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री उठावे लागू नये म्हणून त्यांनी सायंकाळनंतर पाणी पिणे सोडले, हे आम्हांस पुष्कळ दिवसांनी उमगले. खेळातील आजीबाई निदान हात तरी वर करतात.

त्या दिवशी आम्ही कपाट ओढून बैठकीत आणिले. मातोश्री आधार घेऊन खोलीतून एकदा जाऊन आल्या आणि म्हणाल्या, “आतां वाट जाली.”

मुलींनीही एक कपाट काढले व आज्ञा मागे घेतली. त्यांच्या आजीबाई आता पलंगावर निजतात. दुसरे कपाट काढावे की आरामखुर्ची, यावर त्यांचा वाद अजून चालूच आहे. आमच्या बैठकीत कपाट आल्यापासून चौथे कदेल मावत नाही. पाहुणे आले म्हणजे आमच्यापैकी एकजण बाहेर बल्कांवात जाऊन बसतो.