आवाजाचा दुभाषी : आतला की बाहेरचा?



समजा, तुमच्या घरी गाणी ऐकण्यासाठी नवा अँप्लिफायर आणायचा आहे. दुकानदार म्हणतो, "आत डॅक असलेला घ्या, एका डब्यात काम होईल." शेजारचे काका म्हणतात, "छे! डॅक वेगळाच हवा. आतला नुसता नावाला असतो." दोन्ही सल्ल्यांत काही हजार रुपयांचा फरक आहे. कोणाचे ऐकावे? माझे म्हणणे असे, की तूर्त कोणाचेच ऐकू नका. हे यंत्र नेमके काय करते ते आधी पाहू आणि मग हिशेब मांडू.

आकड्यांतून नाद

आवाज म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. मायक्रोफोन त्यांचे विद्युत्‌दाबाच्या चढउतारांत रूपांतर करतो. अंकीय ध्वनिमुद्रणात हा दाब ठरावीक क्षणांनी मोजून त्याचे आकडे लिहून ठेवतात. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी दर सेकंदाला ४४,१०० मोजमापे ठरवण्यात आली. हाच आकडा का? माणसाच्या कानाला सुमारे २०,००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, आणि एखादे कंपन पुन्हा जसेच्या तसे उभे करायचे तर त्याच्या कंप्रतेच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप घ्यावे लागते. २०,००० ची दुप्पट ४०,०००. वर थोडी मोकळीक ठेवली.

प्रत्येक मोजमाप १६ द्विमान अंकांत लिहितात. म्हणजे दाबाच्या २ चा १६ वा घात, अर्थात ६५,५३६ पायऱ्या झाल्या. डावा आणि उजवा असे दोन मार्ग धरले, तर सेकंदाला ४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० अंक वाहत येतात.

लाऊडस्पीकरला मात्र आकडे कळत नाहीत. त्याला बदलता विद्युत्‌दाबच हवा. आकड्यांची भाषा दाबाच्या भाषेत आणणारा दुभाषी म्हणजे अंकीय परिवर्तक, बोलीभाषेत डॅक.

तराजू आणि टाकी

दुभाषी काम कसे करतो? वाण्याचा तराजू आठवा. ८, ४, २ आणि १ ग्रॅमची चारच वजने असली, तरी ० ते १५ पर्यंतचे कोणतेही वजन करता येते. द्विमान १०११ म्हणजे ८ + २ + १ = ११. परिवर्तकात वजनांच्या जागी रोधांची शिडी असते. जेथे १ तेथे विजेची कळ चालू, जेथे ० तेथे बंद.

अडचण अशी, की सर्वांत मोठे वजन चुकले तर लहान वजनांना अर्थ उरत नाही. १६ अंकांच्या शिडीत मोठे वजन लहानाच्या ३२,७६८ पट असते; म्हणून ते ३२,७६८ मध्ये एका भागाइतके तरी अचूक हवे. असे रोध बनवणे सोपे नाही.

म्हणून आजचे बहुतेक परिवर्तक दुसरी युक्ती वापरतात. पाण्याच्या टाकीला खाली बारीक भोक आहे आणि वर नळ आहे अशी कल्पना करा. नळ एकतर पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद. त्याची भराभर उघडझाप केली, तर किती वेळ उघडा आणि किती वेळ बंद यावर टाकीतील पाण्याची पातळी ठरते. येथे नळाच्या जागी सेकंदाला लाखो वेळा चालणारी कळ आणि टाकीच्या जागी धारित्र असलेली गाळणी असते. ही युक्ती स्वस्त चकतीवर उत्तम साधते, म्हणूनच साध्या उपकरणांतही चांगला दुभाषी मिळू लागला.

मग बिघडते कोठे?

पुष्कळ उपकरणांत परिवर्तकाच्या टोकाला सुमारे २ व्होल्ट दाब मिळतो. हे प्रत्यावर्ती मूल्य असल्याने वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचा पल्ला ५.६६ व्होल्ट होतो. त्याला ६५,५३६ ने भागा. एक पायरी केवळ ८६ मायक्रोव्होल्टची निघते! संगणकाच्या पेटीत त्याच डॅकशेजारी पंखे फिरतात आणि वीजपुरवठ्याची मंडले भराभर चालू-बंद होतात. तेथून थोडासा दाब तारांत उतरला, तरी खालच्या पायऱ्या बुडतात. माउस हलवताना हेडफोनमध्ये बारीक किरकिर ऐकू आली, तर ती हीच. येथे वेगळा डॅक खरोखर उपयोगी पडतो.

दुसरी बाब वेळेची. आकडे योग्य क्षणी दाबात उतरले पाहिजेत. २०,००० हर्ट्‌झचा पूर्ण जोराचा स्वर अर्ध्या पायरीच्या आत अचूक हवा, तर वेळेतील चूक सुमारे १२० पिकोसेकंदांपेक्षा कमी हवी; म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागाचाही सुमारे आठवा हिस्सा. ऐकून छाती दडपते, पण चांगला क्वार्ट्‌झ स्फटिक हे साधतो. येथे गंमत अशी, की स्फटिक डॅकच्या शेजारीच असणे सोयीचे. म्हणजे नीट बांधलेला आतला डॅक या बाबतीत मुळीच कमी नाही.

खोलीचाही विचार करा. १६ अंकांत सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजातील अंतर सुमारे ९६ डेसिबल मिळते. रात्रीच्या शांत खोलीतही सुमारे ३० डेसिबल आवाज असतोच. पंखा लावला की तो वाढतो. गाण्याचा जोर १०० डेसिबलपर्यंत नेला, तरी तुम्हाला सुमारे ७० डेसिबलचाच पल्ला वापरता येतो. म्हणजे साधा, निर्दोष डॅकसुद्धा खोलीच्या पुढे आहे.

सभागृहातील गुणगुण

आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहात लॅपटॉप अँप्लिफायरला जोडला, की जाडसर गुणगुण येई. "लॅपटॉपचा डॅक वाईट, वेगळा घ्या," असे ठरतही आले होते. एका विद्यार्थिनीने लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढली. गुणगुण थांबली! लॅपटॉप बॅटरीवर चालू होता आणि डॅक तोच होता. म्हणजे दोष त्याचा नव्हता. लॅपटॉप आणि अँप्लिफायर दोन वेगळ्या ठिकाणी भूमीला जोडलेले होते. त्यामुळे तारांचे एक बंद कडे तयार होऊन त्यातून ५० हर्ट्‌झचा प्रवाह वाहत होता. तांब्याच्या यूएसबी तारेने वेगळा डॅक जोडला असता, तरी कडे तसेच राहिले असते. प्रकाशतंतूने जोडला असता तर ते तुटले असते, कारण त्यातून वीज वाहत नाही. आम्ही दोन्ही उपकरणांच्या पिना एकाच वीजफळीवर लावल्या आणि काम भागले.

निवड कशी कराल?

अँप्लिफायर जुना पण चांगला आहे आणि नव्या दूरदर्शन संचाला फक्त प्रकाशतंतूचेच टोक आहे, तर वेगळा डॅक हवाच. फोनला हेडफोनचे भोक नसेल, तरीही हवा. २०१६ च्या आयफोन ७ बरोबर मिळणाऱ्या इवल्याशा तारेतही एक डॅक लपलेला होता. हेडफोन ३२ ओहमचा आणि आतल्या मंडलाचा रोध १०० ओहम असेल, तर हेडफोनला १३२ पैकी ३२ भाग, म्हणजे जेमतेम चौथाई दाब मिळतो. तेथेही वेगळे उपकरण उपयोगी. पण किरकिर नाही, गुणगुण नाही आणि आवाज पुरेसा आहे, तर आतला डॅक राहू द्या व पैसे चांगल्या लाऊडस्पीकरवर घाला. साखळीत सर्वाधिक विकृती बहुधा तोच करतो.

करून पाहा

मित्राचा वेगळा डॅक एक दिवस मागून आणा. २०० हर्ट्‌झचा स्वर वाजवून दोन्ही डॅकांचा दाब मल्टिमीटरने मोजा आणि आवाजाची खुंटी फिरवून तो सारखा करा. ही पायरी गाळू नका, कारण किंचित मोठा आवाज कानाला उगाचच "चांगला" वाटतो. मग एकाने पडद्यामागे नाणे उडवून डॅक निवडावा आणि ऐकणाऱ्याने तो ओळखावा. असे १० वेळा करा. नुसत्या अंदाजाने ९ किंवा अधिक वेळा बरोबर येण्याची शक्यता १,०२४ मध्ये ११ आहे. तितके जमले, तर फरक खरा असे मानायला हरकत नाही. पाच-सहाच आले, तर काकांना नम्रपणे तुमची वही दाखवा.

प्रश्न : १) नुसत्या अंदाजाने ८ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता किती? २) २४ अंकांत एकूण पायऱ्या किती होतील? ३) तितक्याच ५.६६ व्होल्टच्या पल्ल्यात त्यातील एक पायरी किती व्होल्टची असेल?