स्वमग्न मुलांची कुटुंबे आणि आपले सामूहिक कर्तव्य

ह. अनस (रजि.) सांगतात की मदीनेत एक स्त्री होती. तिच्या बुद्धीत काही उणीव होती. आपले काही काम आहे, असे तिने प्रेषित मुहम्मद (स.) यांना सांगितले. प्रेषितांनी (स.) तिला आदराने संबोधले, हव्या त्या गल्लीत थांबून बोलण्याची मोकळीक दिली आणि तिचे काम पूर्ण होईपर्यंत ते तिच्याबरोबर राहिले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. एका संपूर्ण समाजाची जबाबदारी ज्यांच्या खांद्यावर होती, त्यांनी या स्त्रीला आपला वेळ दिला आणि कोठे थांबायचे हे ठरविण्याचा अधिकारही तिलाच दिला.

वाचकहो, ही हदीस समोर ठेवून आपण आपल्या मोहल्ल्याकडे पाहू या. श्रीरामपूर असो की आसपासचे एखादे गाव, असे एखादे घर आपल्या माहितीत असते. चार वर्षांचे मूल हाक मारली तरी पाहत नाही, बोलत नाही, मिक्सरच्या आवाजाने कान झाकून किंचाळते, रात्रीच्या रात्री जागे राहते. त्याची आई लग्नकार्याला जात नाही, माहेरी राहत नाही, स्त्रियांच्या इज्तेमाला येत नाही. भेटावयास येणारे तिला सब्र करावयास सांगतात आणि निघून जातात. सब्राचा उपदेश खराच आहे. मात्र जो उपदेश करतो, त्याच्यावरही त्या क्षणी एक कर्तव्य येऊन पडते. त्या कर्तव्याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

ही अवस्था समजून घ्या

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात भिन्नता आहे. अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे निरीक्षण करून तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. या मुलांना इतरांशी संवाद साधणे कठीण जाते. ती एकच हालचाल किंवा एकच शब्द पुन्हा पुन्हा करतात. नित्यक्रम बदलला की ती अस्वस्थ होतात. आवाज, स्पर्श व प्रकाश त्यांना फार तीव्रतेने जाणवतात. काही मुले मुळीच बोलत नाहीत, तर काही उत्तम बोलतात व शिकतात. म्हणून सर्वांना एकाच मापाने मोजता येत नाही.

बाराव्या महिन्यापर्यंत बाळ बडबडत नसेल, सोळाव्या महिन्यापर्यंत एकही शब्द बोलत नसेल, दोन वर्षांचे होईपर्यंत दोन शब्द जोडत नसेल, किंवा आलेले बोलणे कोणत्याही वयात नाहीसे झाले, तर डॉक्टरांना त्वरित दाखवावे. "मुलगा आहे, उशिरा बोलेल" असे म्हणून थांबू नये. पहिल्या काही वर्षांत मिळालेल्या प्रशिक्षणाचा लाभ मोठा असतो.

आईला दोष देणे हा अन्याय आहे. आईच्या मायेत कमतरता असल्याने मूल असे होते, अशी समजूत विसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांतही होती. संशोधनाने ती खोटी ठरविली. लसीमुळे स्वमग्नता होते, असे सुचविणारा १९९८ सालचा लेख 'द लॅन्सेट' या नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. मुलावर कोणाचा साया आहे, असे मानून अनेक कुटुंबे एका आमिलाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतात. त्यात पैसा जातो आणि पुन्हा न मिळणारी वर्षेही जातात. दुआ मोमिनाचा आधार आहे, ती अवश्य करावी. परंतु उपचार करण्याची आज्ञाही प्रेषितांनीच (स.) दिली आहे, हे सुनन अबू दाऊदमधील ह. उसामा बिन शरीक (रजि.) यांच्या हदीसवरून स्पष्ट होते.

कायद्याने दिलेले हक्क

आपल्या देशात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला. त्यातील २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे. या कायद्याने काळजीवाहकाचीही व्याख्या केली आहे. मोबदला घेऊन वा न घेता दिव्यांग व्यक्तीची देखभाल करणारा कोणीही, आईवडील व कुटुंबीयांसह, काळजीवाहक होय. अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूदही सामाजिक सुरक्षेच्या कलमात आहे. म्हणजे घरातील आईचे श्रम कायद्याच्या दृष्टीने अदृश्य नाहीत. ते आपल्याही दृष्टीने अदृश्य राहू नयेत.

या कुटुंबांना उपयोगी पडणाऱ्या सेवांचा क्रम असा लक्षात ठेवावा :

१. तपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांत येऊन मुलांची तपासणी करतात. विकासातील विलंब आढळल्यास मुलाला पुढील तपासणीसाठी पाठविणे हा या कार्यक्रमाचाच भाग आहे. अंगणवाडीताईंना आपली शंका निःसंकोच सांगावी. श्रीरामपूरकरांना लोणी येथील प्रवरा ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालयही जवळ पडते.

२. प्रमाणपत्र व ओळखपत्र. यूडीआयडी कार्डासाठी अर्ज ऑनलाइन करता येतो. तपासणी शासकीय वैद्यकीय मंडळाकडे होते. त्यासाठी 'इसा' ही भारतीय मोजपट्टी वापरतात. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व आवश्यक असते. आवाजाने घाबरणाऱ्या मुलाला घेऊन अहिल्यानगरपर्यंत जाणे व तेथे रांगेत उभे राहणे एकट्या आईला अशक्यप्राय होते. कागदपत्रे सांभाळणारा एक माणूस तिच्यासोबत जावा, हीदेखील मोठी मदत आहे.

३. निरामय आरोग्य विमा. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ साली झाला. त्याअंतर्गत असलेल्या या योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. त्यात ठरावीक मर्यादेत स्पीच थेरपीसारख्या नियमित उपचारांचा खर्चही येतो. खर्च आधी करून नंतर मागावा लागतो, म्हणून प्रत्येक बिल जपून ठेवावे.

४. शिक्षण. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शेजारची सर्वसाधारण शाळा निवडावी की विशेष शाळा, हे पालक ठरवू शकतात.

५. आर्थिक साहाय्य. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयामार्फत करता येतो. उत्पन्नाची व इतर अटींची माहिती तेथेच घ्यावी.

६. आईवडिलांच्या मनाला आधार. 'टेलि-मानस' ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. झोप नसणे, सततचे रडू येणे, जगण्याचा कंटाळा येणे हे ईमानाच्या दुर्बलतेचे लक्षण समजू नये. थकलेल्या मनाला उपचाराची गरज असते.

मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ साली 'उम्मीद' हे बालविकास केंद्र स्थापन केले. तेथे मुलांच्या उपचारांबरोबर पालकांच्या प्रशिक्षणावर भर दिला जातो. थेरपिस्ट आठवड्यातून एखादा तास भेटतो, आई मात्र दिवसभर मुलाबरोबर असते, हे लक्षात घेतले की या भराचे महत्त्व कळते. पाण्याचा पेला मागण्यासाठी चित्र दाखविणे, वुजूच्या पायऱ्यांची चित्रे नळाशेजारी लावणे, बाहेर जाण्यापूर्वी काय घडणार ते क्रमाने सांगणे, अशा गोष्टी घरीच करता येतात. आजी, काका व भावंडांनीही त्या शिकून घ्याव्यात.

"आमच्यानंतर कोण?"

प्रत्येक स्वमग्न मुलाच्या आईवडिलांच्या मनात हा प्रश्न असतो. मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याने आईवडीलही त्याचे आपोआप पालक राहत नाहीत. यासाठी राष्ट्रीय न्यास कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीची तरतूद आहे. तिच्याकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी द्यावी लागते व दरवर्षी हिशेब सादर करावा लागतो. हयगय केल्यास त्याला दूरही करता येते.

दिव्य कुरआनच्या सूरह अन्-निसाची पाचवी व सहावी आयत याच विषयाशी संबंधित आहे. ज्यांना आपली मालमत्ता सांभाळता येत नाही, त्यांच्या अन्नवस्त्राची व्यवस्था त्यातून करावी आणि त्यांच्याशी भल्या रीतीने बोलावे, अशी तेथे आज्ञा आहे. अनाथाची मालमत्ता सुपूर्द करताना साक्षीदार ठेवण्यासही सांगितले आहे. देखभाल, सन्मान आणि हिशेब या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या आहेत.

वारसाच्या हक्कात वसीयत करण्याला मर्यादा आहेत. हयातीत देणगी देताना मुलांमध्ये समानता राखावी, अशी प्रेषितांची (स.) ताकीद आहे. तथापि दीर्घ आजार, अंधत्व यांसारख्या खऱ्या गरजेमुळे एखाद्या अपत्याला अधिक देण्यास इमाम इब्ने कुदामा (रह.) यांनी वाव दाखविला आहे. म्हणून मुलासाठी घराचा हिस्सा किंवा ठेव ठेवावयाची असल्यास जाणकार आलिम व वकील या दोघांचाही सल्ला घ्यावा आणि सर्व भावंडांना विश्वासात घ्यावे. हा निर्णय आईवडील हयात व सशक्त असतानाच व्हावा.

मस्जिद आणि मोहल्ला काय करू शकतो?

आपल्या फुकहांनी उपाशी माणसाला अन्न व उघड्याला वस्त्र देणे हे फर्जे किफायात गणले आहे. काहींनी ते पार पाडले तर सर्वांची सुटका, कोणीच केले नाही तर सर्व दोषी. उमय्या खलीफा वलीद बिन अब्दुल मलिक यांच्या काळात, म्हणजे इ.स. ७०५ ते ७१५ या दरम्यान, अपंगाला सेवक व अंधाला वाटाड्या देण्याची व्यवस्था झाल्याचे इतिहासकार तबरी यांनी नोंदविले आहे. देखभाल करणारा माणूस उपलब्ध करून देणे ही समाजाची जबाबदारी आहे, ही समज आपल्या परंपरेत इतकी जुनी आहे.

मस्जिदीत असे मूल मध्येच आवाज करील, धावेल. मस्जिदीत लघवी करणाऱ्या ग्रामीण अरबावर लोक धावून गेले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना अडविले आणि नंतर तेथे पाणी ओतावयास सांगितले. बाळाचे रडणे ऐकून त्याच्या आईला त्रास होऊ नये म्हणून ते नमाज संक्षिप्त करीत. या सुन्नतीला अनुसरून इमामसाहेबांनी एका जुमाच्या खुतब्यात हा विषय घ्यावा. अस्र व मगरिब यांच्या दरम्यानच्या शांत वेळी मुलाला मस्जिदीची ओळख करून द्यावी. नमाजेत दरवाजाजवळची जागा त्याच्यासाठी ठेवावी. अशा मुलांवर कोणत्या इबादती बंधनकारक आहेत, हे प्रत्येकाच्या आकलनावर अवलंबून असते. सर्वांना सरसकट वेडे ठरवून बाजूला सारणे योग्य नाही.

मोहल्ल्यातील दोन भगिनींनी आठवड्यातून दोन तास त्या घरी जाऊन बसावे. प्रथम आईच्या उपस्थितीत मुलाशी ओळख करावी. नंतर आईला तेवढा वेळ झोपू द्यावे, नातेवाइकांकडे जाऊ द्यावे. कुटुंब गरजू व जकातीस पात्र असेल तर थेरपीचा व प्रवासाचा खर्च भागविण्यासाठी त्याला जकात द्यावी. त्या घरातील मुलीची सोयरीक पाहताना भावाच्या स्वमग्नतेचा कलंक मानू नये. या भीतीनेच अनेक घरे मुलाला दाराआड ठेवतात आणि उपचार लांबतात. आईच्या एकटेपणात वडिलांचाही वाटा असतो. कामावरून परतल्यावर मुलाची एक तासाची जबाबदारी पूर्णपणे त्यांनी घ्यावी.

प्रिय वाचकहो, हा पाठ घरात सर्वांनी मिळून वाचावा आणि एकाच प्रश्नाचे उत्तर शोधावे : आपल्या ओळखीच्या अशा एका कुटुंबासाठी येत्या आठवड्यात आपल्यातील कोण, कोणत्या दिवशी, किती वेळ देणार? त्या घरी जाऊन आधी त्या आईलाच विचारावे की तिला काय हवे आहे.

अल्लाह या मुलांना सुरक्षित ठेवो, त्यांच्या आईवडिलांच्या श्रमांचा उत्तम मोबदला देवो आणि त्यांचे ओझे वाटून घेण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना प्रदान करो. आमीन.