रक्तातील दुग्धाम्ल

भिलईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. झोतभट्टीतून लोखंडाबरोबर जो वायू बाहेर पडतो, त्यात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण बरेच असते. त्याला रंग नाही, वासही नाही. १२ जून २०१४ रोजी या कारखान्यात वायुगळती होऊन सहा जण प्राणास मुकले. अशा विषबाधेत शरीरात काय घडते हे पाहिले म्हणजे अत्यवस्थ रुग्णाच्या रक्तातील दुग्धाम्ल, म्हणजेच लॅक्टेट, डॉक्टर इतक्या तत्परतेने का मोजतात, हे ध्यानात येते.

हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कार्बन मोनॉक्साइडची ओढ दोनशे पटींहून अधिक असते. त्यामुळे श्वास चालू असूनही पेशी प्राणवायूवाचून राहतात. पेशींत शर्करेचे विघटन दोन टप्प्यांत होते. पहिल्यास प्राणवायू लागत नाही. दुसऱ्यास तो लागतोच. दुसरा टप्पा खुंटला की पहिल्यातून निघालेल्या पायरूव्हेटचे लॅक्टेट बनते आणि ते रक्तात साचू लागते. निरोगी माणसात विश्रांतीच्या वेळी त्याचे प्रमाण लिटरमागे २ मिलिमोलपेक्षा कमी असते. ते ४ च्या पुढे जाणे ही धोक्याची खूण समजली जाते.

दह्याला आंबटपणा आणणारे हेच आम्ल शेरर या जर्मन वैद्याला १८४३ साली प्रसूतिज्वराने मृत्यू पावलेल्या स्त्रियांच्या रक्तात आढळले होते. कोहेन व वुड्स यांनी १९७६ साली त्याच्या वाढीच्या कारणांचे दोन वर्ग केले. पहिल्यात पेशींना प्राणवायू अपुरा पडतो : अतिरक्तस्राव, हृदयाची दुर्बलता, तीव्र पांडुरोग, कार्बन मोनॉक्साइडची बाधा. दुसऱ्यात तशी उणीव उघड दिसत नाही : यकृताचे विकार, थायमिन जीवनसत्त्वाचा अभाव, काही औषधे. जंतुसंसर्गाने येणाऱ्या सेप्सिसमध्ये मात्र दोन्ही प्रकारची कारणे एकवटतात.

म्हणूनच केवळ आकड्यावरून रुग्णाचे भवितव्य सांगता येत नाही. अपस्माराच्या झटक्यानंतर लॅक्टेट पुष्कळ चढते. परंतु झटका थांबल्यावर यकृत व मूत्रपिंडे ते एक-दोन तासांत बहुतांशी निपटून काढतात. याउलट सेप्सिसमध्ये पुरेसा द्रव देऊनही रक्तदाब टिकवण्यास औषधे लागत असतील आणि लॅक्टेट २ च्या वरच राहत असेल, तर अशा दर दहा रुग्णांपैकी चार किंवा त्याहून अधिक दगावतात. यास्तव काही तासांनी केलेली दुसरी मोजणी पहिलीइतकीच मोलाची ठरते. आकडा उतरू लागला तर उपचार लागू पडत आहेत. न उतरला तर मूळ कारण पुन्हा शोधले पाहिजे.

केवळ आम्लता मारण्यासाठी क्षार देणे हा खरा उपाय नव्हे. वायुबाधित कामगाराला शुद्ध प्राणवायू दिल्यास, साध्या हवेत जे विष निम्मे होण्यास चार-पाच तास लागतात, ते एक ते दीड तासात निम्मे होते. मूळ कारण दूर झाले की लॅक्टेट आपोआप ओसरते.