परसातील कुक्कुटपालन : खुराड्याचे छप्पर आणि भांडवलाचे रक्षण

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील कुक्कुट पक्ष्यांची संख्या ८५ कोटी १८ लाख होती. त्यांपैकी ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातील होते. २०१२ च्या तुलनेत परसातील पक्षी सुमारे ४६ टक्क्यांनी वाढले, तर व्यावसायिक पक्ष्यांची वाढ साडेचार टक्केच राहिली. परीक्षार्थींना ही आकडेवारी बहुधा पाठ असते. हे पक्षी रात्री कोठे राहतात, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

ग्रामीण कुटुंबाच्या दृष्टीने कोंबड्या हे खेळते भांडवल आणि खुराडे हे स्थिर भांडवल होय. २०२१ मध्ये सुधारित स्वरूपात आलेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानात ग्रामीण कुक्कुट उद्योजकांना भांडवली खर्चाच्या ५० टक्के, कमाल २५ लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. पण ती किमान एक हजार पैदास पक्ष्यांच्या प्रकल्पासाठी आहे. दहा-पंधरा कोंबड्यांचे खुराडे कुटुंब स्वतःच, हाती असलेल्या लाकडातून व पन्हळी पत्र्यांतून उभारते. वनराजा किंवा ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित जातीची पिल्ले आणली, तरी छप्पर उडालेल्या एका रात्री ती भिजून दगावू शकतात.

छप्पर का उडते, हे साध्या गणिताने समजते. वाऱ्याचा वेग मीटर प्रतिसेकंद धरल्यास त्याच्या वर्गाला ०.६ ने गुणून दर चौरस मीटरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात ओडिशाच्या किनाऱ्यासाठी मूलभूत वेग ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटर, धरला आहे. ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ धडकलेल्या 'फनी' चक्रीवादळाचा वेग साधारण याच पातळीचा होता. या वेगाला दाब १५०० न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १५० किलो भरतो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन मात्र चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास असते. मानकातील वेग जमिनीपासून १० मीटर उंचीचा आहे. बुटक्या खुराड्यावर वारा त्याहून मंद असतो, हे खरे. तरीही तफावत इतकी मोठी आहे की पत्रा स्वतःच्या वजनाने टिकेल, ही अपेक्षा व्यर्थ ठरते. शिवाय जाळीतून आत शिरलेला वारा छपराला खालून उचलतो आणि वरून वाहणारा वारा ओढतो. पत्र्यावर दगड ठेवण्याची सर्वत्र दिसणारी प्रथा तर वादळात धोक्यात भरच घालते.

म्हणून सारी भिस्त जोडणीवर असते. साधा खिळा उचलणाऱ्या बळापुढे लाकडातून सरळ उपटून येतो. आट्यांचा स्क्रू लाकूड धरून ठेवतो. लोखंडी नळीवर पत्रा बसवायचा असल्यास इंग्रजी 'जे' अक्षरासारखा हुक बोल्ट वापरतात. पन्हळी पत्र्याला छिद्र उंचवट्यावर पाडावे, खोलगट भागात नव्हे, कारण पाणी तेथूनच वाहते. स्क्रूखाली रबरी वॉशर हवा. तो किंचित दबेल इतकेच आवळावे. अति आवळल्यास उंचवटा चेपतो, वॉशर फाटतो आणि गळती सुरू होते. छिद्र स्क्रूपेक्षा थोडे मोठे असावे. तापमान ४० अंशांनी वाढल्यास तीन मीटर लांबीचा पत्रा सुमारे दीड मिलिमीटर वाढतो, त्यास जागा लागते. छिद्र पाडताना उडालेला लोखंडी कीस झाडून टाकावा. तो गंजून जस्ताचा थरही खराब करतो.

शेजारचे पत्रे किमान दीड पन्हळ एकमेकांवर यावेत आणि सांध्याचे तोंड नेहमीच्या वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला असावे. त्यासाठी वाऱ्याच्या आडोशाच्या टोकाकडून पत्रे घालण्यास प्रारंभ करतात. कडांवर व कोपऱ्यांत ओढ सर्वाधिक असल्याने तेथे स्क्रू दाट, मध्यभागी विरळ चालतात. अर्थात पत्रा आडव्या लाकडाला, ते लाकूड खांबाला आणि खांब जमिनीला पक्का नसेल, तर छपरासह अख्खे खुराडेच उलटते.

वळचणीला उंचवट्यांखाली उरणाऱ्या फटी बुजवून टाकू नयेत, कारण उष्ण हवा तेथूनच बाहेर पडते. मुंगूस व साप यांना रोखण्यासाठी त्यांवर बारीक जाळी ठोकावी. उन्हाळ्यात पत्र्यावर भाताचा पेंढा अंथरल्यास आतील उष्मा कमी होतो, मात्र तो दोरीने बांधलेला हवा. रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन तडकतात; पावसापूर्वी ते तपासून बदलावेत, आणि सैल झालेल्या छिद्रात थोडा जाड स्क्रू बसवावा.